प्रेमचंद रायचंद : कौशल्य आणि सट्टा यांच्या सीमेवरचे आयुष्य

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधीचा कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. राष्ट्रपतींची स्वाक्षरी होताच ‘ड्रीम इलेव्हन’सारख्या फॅन्टसी क्रीडा कंपन्यांनी आपल्या पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. भारतीय क्रिकेट संघाच्या गणवेशावरून या कंपनीचे नावही उतरले. हा सारा धंदा एका दाव्यावर उभा होता. प्रत्यक्ष सामन्यातील खेळाडूंमधून आपला कागदावरचा संघ निवडणे हे अभ्यासाचे काम आहे, त्यात नशिबापेक्षा कौशल्याचा वाटा मोठा आहे, म्हणून तो जुगार ठरत नाही, हा तो दावा. २०१७ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्यही केला होता. नव्या कायद्याने मात्र कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला. पैसे भरून पैसे जिंकण्याची आशा असेल, तर खेळ कोणताही असो, तो बंद.

मांडवीच्या पात्रात कॅसिनोंच्या बोटी रोज पाहणाऱ्या गोमंतकीय वाचकाला हा वाद अपरिचित नाही. मुंबईला तर तो फार जुना आहे. अंदाज बांधण्याचे कौशल्य कुठे संपते आणि जुगार कुठे सुरू होतो, हा प्रश्न त्या शहराला १८६५ साली अशा रीतीने पडला, की त्याचे उत्तर शोधता शोधता शेकडो पेढ्या बुडाल्या. त्या घडामोडींच्या केंद्रस्थानी सुरतेत जन्मलेला, तेव्हा जेमतेम चौतिशीत असलेला एक दलाल होता. त्याचे नाव प्रेमचंद रायचंद. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला, एवढे अनेकांना ठाऊक असते. त्या मनोऱ्यामागचे आयुष्य मात्र आज पुन्हा वाचावे असे आहे.

सुरतेचा मुलगा

प्रेमचंदांचा जन्म १८३१ साली सुरतेत, एका ओसवाल जैन व्यापारी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव रायचंद दीपचंद, आईचे राजाबाई. मराठी वाचकाला सुरत आठवते ती शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७०च्या स्वाऱ्यांमुळे. तापीकाठच्या या बंदरात तेव्हा मुघल साम्राज्याचा सागरी व्यापार एकवटला होता आणि तेथील सराफांची हुंडी दूरदूरच्या बाजारपेठांत वटत असे. प्रेमचंदांच्या जन्माच्या वेळी ते वैभव ओसरले होते. ईस्ट इंडिया कंपनीने आपले मुख्य ठाणे सतराव्या शतकाच्या अखेरीसच मुंबईला हलवले होते आणि व्यापारही हळूहळू तिकडे वळला होता. त्यात १८३७ साली सुरतेत प्रचंड आग लागली, शहराचा मोठा भाग भस्मसात झाला आणि त्याच वर्षी तापीला महापूर आला. सुरतेची अनेक व्यापारी घराणी त्या काळात मुंबईची वाट धरत होती. रायचंद दीपचंदांचे घरही मुलाच्या लहानपणीच मुंबईला आले.

मुंबईत प्रेमचंदांना इंग्रजी शिक्षण मिळाले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन ही तेव्हा पश्चिम हिंदुस्थानातील नव्या विद्येची पेठ होती. दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी लाड तेथूनच पुढे आले, सुरतेचेच कवी नर्मदाशंकरही तेथे शिकले. व्यापारी घरातील मुलाने हिशेब, हुंडी आणि मोडी-महाजनी अक्षर पेढीवरच शिकावे, अशी रीत असलेल्या त्या काळात इंग्रजी लिहिता-बोलता येणारा दलाल ही दुर्मीळ गोष्ट होती. देशी शेअर दलालांमध्ये इंग्रजी अवगत असलेला पहिला माणूस म्हणून प्रेमचंदांचा उल्लेख केला जातो. या एका गोष्टीने त्यांचे पुढचे आयुष्य घडवले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत शेअर दलालांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. रतनचंद लाला हे त्यांतले एक. त्यांच्याकडे प्रेमचंद मदतनीस म्हणून लागले. बँकांचे साहेब, इंग्रज व्यापारी पेढ्या आणि देशी सराफ यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करता करता त्यांना दोन्ही बाजूंचे व्यवहार आतून समजले. रतनचंद लालांच्या निधनानंतर तो व्यवसाय प्रेमचंदांच्या हाती आला. शेअर, सोने-चांदी, अफू, कापूस अशा सर्व बाजारांत त्यांचा संचार सुरू झाला.

पैज, अफू आणि कायदा

त्या बाजारांत पैज ही रोजची गोष्ट होती. कलकत्त्याला सरकारी अफूचा लिलाव होत असे आणि त्यात सरासरी भाव काय निघेल, यावर मुंबईचे व्यापारी इकडे बसून पैजा लावत. अफूची पेटी ना यांच्या हाती, ना त्यांच्या. लिलावाचा आकडा आला, की जो चुकला त्याने दुसऱ्याला फरक द्यायचा. अशाच एका पैजेच्या वसुलीचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. अखेर १८४८ साली कायदा झाला आणि पैजेचे करार न्यायालयात वसूल होणार नाहीत, असे ठरले. पुढे १८७२च्या करार कायद्याने कलम ३० मध्ये हाच नियम कायम केला. घोड्यांच्या शर्यतीतील ५०० रुपये वा त्याहून मोठ्या बक्षिसाचा अपवाद तेवढा ठेवला.

तरीही एक अडचण उरलीच. माल प्रत्यक्ष द्यायचा-घ्यायचा आहे असे म्हणून केलेला वायदा आणि माल दृष्टीलाही न पडता केवळ भावाच्या फरकावर केलेली पैज, हे कागदावर अगदी सारखे दिसतात. फरक असतो तो करार करणाऱ्यांच्या हेतूत, आणि हेतू कागदावर उमटत नाही. प्रेमचंद ज्या धंद्यात वाढले, त्याचा बराचसा भाग या दोहोंच्या मधल्या जागेत होता.

कापसाची चार वर्षे

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या लँकेशायरमधील गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस तोवर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखताच तो पुरवठा आटला आणि गिरण्या हिंदुस्थानी कापसावर अवलंबून राहू लागल्या. मुंबईहून जाणाऱ्या या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात ‘सुरत’ हेच नाव होते, मग तो वऱ्हाडातला असो, खानदेशातला असो वा काठियावाडातला. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला म्हणून लँकेशायरचे विणकर या ‘सुरत’ला नावे ठेवत. पण दुसरा मिळत नव्हता. काही वर्षांतच त्याचा भाव चौपटीच्या घरात गेला. युद्धाच्या त्या वर्षांत मुंबईने कापसावर नेहमीपेक्षा सुमारे आठ कोटी पौंड अधिक कमावले, असा अंदाज पुढे मांडला गेला.

प्रेमचंदांचे कौशल्य या काळात खऱ्या अर्थाने दिसले. हिंदुस्थान आणि इंग्लंड यांना जोडणारी तार अजून सुरू झाली नव्हती. लिव्हरपूलचा भाव आगबोटीच्या टपालातून येई. टपालाची बोट बंदराला लागण्याआधीच प्रेमचंद आपली माणसे छोट्या होड्यांतून समुद्रात पाठवत आणि बातमी इतरांच्या काही तास आधी मिळवत, असे सांगितले जाते. गावोगावी कापसाचे पीक कसे आहे, माल कधी बंदरात उतरेल, कोणत्या पेढीला पैशाची निकड आहे, याची खबर ते ठेवत. त्यावर बांधलेला अंदाज बहुधा खरा ठरे. आजच्या फॅन्टसी क्रीडेतील अभ्यासू खेळाडू खेळपट्टी, हवामान आणि फलंदाजाची अलीकडची कामगिरी पाहतो. प्रेमचंदांची पद्धत त्याहून फार निराळी नव्हती. फरक इतकाच, की ते केवळ प्रेक्षक नव्हते. खरेदीला ते उतरले, की त्या वार्तेनेच भाव चढे. अंदाज बांधणाऱ्याचे वजन एवढे वाढले, की त्याचा अंदाजच बाजार घडवू लागला.

कापसाचा पैसा मुंबईत आला, पण त्याला गुंतवायला जागा कमी होती. मग कंपन्या निघू लागल्या. बँका, वित्त मंडळ्या, कापूस दाबण्याचे कारखाने, जहाज कंपन्या, विमा कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या. १८६५च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्त संस्था, ८ भूमी कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी यांतले फारच थोडे होते. सर्वांत गाजली ती बॅकबे रेक्लमेशन कंपनी. तिच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांच्या आसपास पोहोचला. जमीन अजून समुद्राखालीच होती.

नव्या कंपनीचे शेअर कोणाला मिळावेत, हे ठरवण्यात प्रेमचंदांचा शब्द अखेरचा असे. त्यांच्या भायखळ्याच्या ‘प्रेमोद्यान’ बंगल्यावर सकाळपासून माणसांची रीघ लागे. वाटपाची चिठ्ठी मिळाली, की ती बाजारात त्याच दिवशी नफ्याने विकता येई. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन या नव्या बँकेत त्यांचा मोठा सहभाग होता. नसरवानजी टाटांच्या पेढीशीही त्यांचे व्यवहार जुळले होते. लंडनमध्ये हिंदी व्यापाऱ्यांची बँक काढण्याच्या बेतासाठी पंचविशीतले जमशेटजी टाटा इंग्लंडला रवाना झाले, त्या बेतात प्रेमचंदही होते.

दुसऱ्याच्या पैशाचा खेळ

इथपर्यंतची कथा कर्तबगारीची आहे. तिचे रूप बदलले ते बँक ऑफ बॉम्बेच्या दारात. १८४० साली स्थापन झालेली ही बँक निमसरकारी होती. तिच्या भांडवलात सरकारचा वाटा होता, संचालकांत सरकारी अधिकारी होते आणि लोक तिच्याकडे सरकारची तिजोरी म्हणूनच पाहत. १८६३ साली तिच्यासाठी नवा कायदा झाला. जुन्या नियमांतली बंधने सैल झाली आणि खाजगी कंपन्यांच्या शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची वाट उघडली. बँकेचे सचिव जेम्स ब्लेअर यांच्या हाती कर्ज देण्याचे मोठे अधिकार होते आणि ब्लेअर यांचा प्रेमचंदांवर पूर्ण विश्वास होता. प्रेमचंदांनी ज्याचे नाव सुचवावे त्याला कर्ज मिळे. कधी तारण पुरेसे असे, कधी नाममात्र. स्वतः प्रेमचंदांनीही बँकेकडून मोठमोठ्या रकमा उचलल्या.

त्या पैशातून नवे शेअर घेतले जात, त्यांचा भाव चढे, चढलेल्या भावाचे शेअर पुन्हा तारण ठेवले जात आणि पुन्हा कर्ज निघे. याच जोडीला वायद्याचे सौदे पसरले. पुढच्या एखाद्या ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने शेअर द्यायचे वा घ्यायचे, असा करार दोघांत होई. देणाऱ्याकडे शेअर नसत, घेणाऱ्याकडे पैसे नसत. तारखेला फरकाचा हिशेब होईल, एवढीच दोघांची कल्पना. १ जुलै १८६५ ही असंख्य वायद्यांची तारीख होती.

या खेळात कोण उतरले नव्हते? इंग्रज अधिकारी होते, पारशी शेटिये होते, भाटिये, बनिये, खोजे, मराठी सुशिक्षित, कारकून आणि विधवांचे स्त्रीधन सांभाळणारे नातलगही होते. गोमंतकीयांना यातले एक नाव विशेष बोचावे. पेडण्यातील मांद्रे गावचे डॉ. भाऊ दाजी लाड, कुष्ठरोगावर औषध शोधणारे वैद्य आणि शिलालेख वाचणारे संशोधक, हेही या लाटेत शिरले आणि आपली कमाई गमावून बसले. एवढा बुद्धिमान मनुष्य यात सापडावा, याचे आश्चर्य वाटते. पण बुद्धीचा इथे उपयोग नव्हता. भाऊ दाजींचे कौशल्य प्राचीन लिपींत होते. बाजारात त्यांच्याजवळ होता तो दुसऱ्यांच्या अंदाजावरील विश्वास. कौशल्य एकट्या प्रेमचंदांचे आणि त्यांच्यासारख्या मोजक्यांचे होते. बाकी हजारोंजवळ प्रेमचंदांचे नाव होते.

कौशल्याच्या खेळाची ही बाजू न्यायालयातील युक्तिवादांत क्वचितच येते. खेळ कौशल्याचा आहे म्हणजे काही जणांना ते कौशल्य आहे, एवढेच सिद्ध होते. उरलेल्यांचा पैसा त्या काही जणांकडे नियमाने जाणार, हा त्याचाच दुसरा अर्थ. निव्वळ नशिबाच्या सोडतीत अडाणी आणि जाणता यांना निदान सारखी संधी असते.

जुलैचा पहिला दिवस

९ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेत दक्षिणेचे सेनापती ली यांनी शरणागती पत्करली. युद्ध संपत आल्याची कुणकुण आधीच लागली होती आणि कापसाचे भाव उतरणीला लागले होते. आता ते कोसळले. मे महिन्यात बेहरामजी होरमसजी कामा या मोठ्या पारशी व्यापाऱ्याचे दिवाळे निघाले आणि शहरात घबराट पसरली. १ जुलै उजाडला, तेव्हा वायदे पुरे करणे कोणालाच शक्य नव्हते. अ ने ब ला द्यायचे, ब ने क ला, क ने पुन्हा अ ला. एकजण मोडला, की सारी साखळी तुटत गेली. बँक ऑफ बॉम्बेचा ५०० रुपयांचा शेअर तेजीत २,८५० रुपयांवर गेला होता. तो अखेर ८७ रुपयांना विकला गेला.

दिवाळखोरीची प्रकरणे इतकी झाली, की नेहमीच्या न्यायालयांना ती पेलेनात. १८६५ साली यासाठी खास कायदा करून बुडालेल्यांची मालमत्ता विश्वस्तांमार्फत निकालात काढण्याची सोय करावी लागली. त्याच वर्षी मुंबई सरकारने पैजेविरुद्धचा कायदा अधिक कडक केला. पैजेच्या सौद्यावरची दलालीही आता न्यायालयातून वसूल होणार नव्हती. नसरवानजी टाटांना देणी भागवण्यासाठी राहते घर विकावे लागले. लंडनमध्ये असलेल्या जमशेटजींच्या हातातल्या हुंड्या कवडीमोल झाल्या आणि बँकेचा बेत तिथेच संपला. तेजीच्या काळात मजूर आणि कारागीर मुंबईकडे लोटले होते. १८६४च्या गणनेत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली होती. १८७२ साली ती ६,४४,४०५ उरली. रोजगार गेला तशी माणसेही गेली.

प्रेमचंद लगेच पडले नाहीत. त्यांच्या नावाचे वजन असे होते, की ते टिकले तर बाजार टिकेल, या आशेने बँकेने त्यांना आणखी सवलती दिल्या. त्यामुळे बँकेचा तोटा वाढला आणि अखेर दोघेही बुडाले. प्रेमचंदांची मालमत्ता धनकोंची देणी भागवण्यात गेली. बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळली गेली आणि त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. ती पुढे इम्पीरियल बँकेत आणि तिच्यातून स्टेट बँकेत विलीन झाली. जुनी बँक का बुडाली, याची चौकशी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने केली. तिच्या अहवालात १८६३च्या कायद्याची सैल रचना, सचिवांकडून झालेला अधिकारांचा दुरुपयोग, संचालकांची बेपर्वाई आणि काळाचा विलक्षणपणा ही कारणे पुढे आली. सट्टा खेळणाऱ्याइतकाच दोष त्याला लोकांचा पैसा उघड्या हाताने देणाऱ्यांवर ठेवला गेला, ही त्यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट.

मनोरा आणि शिष्यवृत्ती

प्रेमचंदांच्या आयुष्याची दुसरी बाजू तेजीच्या ऐन भरात सुरू झाली होती. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले आणि मग घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे, एवढी त्यांची इच्छा होती. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी २ लाख रुपये दिले. त्यातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. अहमदाबादला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे महाविद्यालय त्यांच्या देणगीतून उभे राहिले. जन्मगावी सुरतेत वडिलांच्या नावाने मुलींची शाळा निघाली. मुलींना शाळेत घालावे की नाही, यावरच वाद चालू असण्याचा तो काळ होता.

मनोऱ्याची कोनशिला १ मार्च १८६९ रोजी बसली, तेव्हा देणगीदाराचे वैभव गेले होते. पण विद्यापीठाला दिलेला पैसा बाजारात नव्हता, म्हणून तो वाचला. इंग्लंडचे वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, स्वतः मुंबईत न येताच, आराखडे केले. १८७८च्या नोव्हेंबरात २८० फुटांचा मनोरा पुरा झाला आणि त्यावेळच्या मुंबईत त्याहून उंच काही नव्हते. राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि जैन व्रतानुसार त्या सूर्यास्तापूर्वी जेवत. कोणी न सांगताही त्यांना वेळ कळावी म्हणून घड्याळाचे टोले, अशी आख्यायिका मुंबईत सांगितली जाते.

कलकत्त्याच्या शिष्यवृत्तीने तर निराळाच इतिहास घडवला. तिचा मान मिळवणाऱ्यांत आशुतोष मुखर्जी होते, आणि इतिहासकार जदुनाथ सरकारही होते. याच जदुनाथांनी पुढे शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले. सुरतेच्या दलालाच्या पैशावर अभ्यास केलेल्या बंगाली विद्वानाने सुरतेवर स्वारी करणाऱ्या मराठी राजाचा इतिहास लिहावा, हा योगायोग मोठा आहे.

उरलेली चाळीस वर्षे

कोसळल्यानंतरचे आयुष्य प्रेमचंदांनी मुंबईतच, त्याच बाजारात काढले. ते शहर सोडून पळाले नाहीत, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य केले. दलालीचे काम त्यांनी पुन्हा हळूहळू उभे केले. पूर्वीचे साम्राज्य परत आले नाही, पण पेढीची पत परत आली. ती पेढी त्यांच्या वंशजांनी पुढे चालवली. १८६५ पूर्वी दलाल झाडाखाली, रस्त्याच्या कडेला उभे राहून सौदे करत. त्यांना नियम नव्हते आणि शिस्त लावणारे कोणी नव्हते. १८७५ साली नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन स्थापन झाली. तीच पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून ओळखली गेली. तिच्या उभारणीशी प्रेमचंदांचे नाव जोडले जाते. बेबंद बाजाराची किंमत ज्याने सर्वाधिक मोजली आणि इतरांना मोजायला लावली, त्याचे नाव बाजाराच्या नियमांशीही निगडित व्हावे, हे योग्यच म्हणायचे.

३१ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या तरुणपणीचे वादळ जवळून पाहिलेल्या दिनशा वाच्छा यांनी पुढे मुंबईच्या त्या आर्थिक प्रकरणावर आणि प्रेमचंदांच्या जीवनावर पुस्तके लिहिली. वाच्छा हे काँग्रेसचे नेते आणि सरकारी खर्चाचे कठोर टीकाकार. त्यांनाही प्रेमचंदांना केवळ सटोडिया म्हणून निकालात काढता आले नाही.

सट्ट्याची ओढ मात्र १८६५च्या धक्क्याने संपली नाही. विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद होत्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैजा लागू लागल्या. तिथेही कापूस कोणाला नको होता. ते आकडे यायचे बंद झाले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे तयार केले गेले आणि मटका जन्माला आला. प्रेमचंदांच्या काळी आकड्यामागे निदान कापसाची गाठ तरी होती. पुढे गाठ गेली, भाव उरला. मग भावही गेला आणि नुसता आकडा उरला. फॅन्टसी क्रीडेत आकड्यामागे पुन्हा काही खरे आले, मैदानावर घाम गाळणारा खेळाडू आला. त्यामुळेच तिच्यातील कौशल्याचा दावा न्यायालयांना पटला होता.

तो दावा खोटा होता, असे प्रेमचंदांचे चरित्र सांगत नाही. त्यांचे कौशल्य अस्सल होते आणि अंदाज बांधणे ही व्यापाराची गरजच आहे. शेतकऱ्याच्या कापसाला पेरणीच्या वेळी भाव मिळतो, तो कोणीतरी पुढचा अंदाज बांधून जोखीम घेतो म्हणून. पण मुंबई बुडाली ती अंदाज चुकला म्हणून नव्हे. एका माणसाच्या कौशल्यावर हजारोंनी कर्जाचा पैसा लावला आणि लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या बँकेने तो पुरवला, म्हणून ती बुडाली. जे सोसणे शक्य नाही ते लावू देणारी व्यवस्था, हा दोष जॅक्सन आयोगाच्या अहवालातून दिसतो.

आजच्या कायद्याकडेही याच नजरेने पाहायला हवे. बंदी योग्य की अयोग्य, यावर मते निराळी असू शकतात. ज्यांचे रोजगार गेले त्यांची व्यथा खरी आहे, आणि मोबाइलवर पगार हरलेल्या तरुणांच्या घरांची व्यथाही तितकीच खरी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हे ठरवण्यात आपण बराच काळ घालवला. लावलेला पैसा कोणाचा, हरणारा किती हरू शकतो, आणि त्याला अधिक लावायला कोण उत्तेजन देतो, हे प्रश्न १८६५ साली उशिरा विचारले गेले. तोवर भाऊ दाजींसारख्यांची आयुष्यभराची कमाई गेली होती. आज भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव आहे, आणि तेथून काही मैलांवर विद्यापीठाच्या आवारात राजाबाईंचा मनोरा उभा आहे. एकाच तेजीत सापडलेल्या या दोन माणसांची ही दोन स्मारके. दोहोंतले काहीही शेअरच्या नफ्यावर उभे नाही. एक विद्येमुळे मिळाले आणि दुसरे वेळीच बाजाराबाहेर काढलेल्या पैशामुळे.